पायवाट कोणी राखायची?

(सतवास येथील शाळेच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा आणि माझा प्रत्यक्ष परिचय नव्हता. परंतु त्यांचे विद्यार्थी सांगतात की भूगोलाचा तास ते वर्गात कमी आणि नाल्याकाठी अधिक घेत. असे शिक्षक लाभणे हे शाळेचे भाग्य असते. त्यांचे स्मरण करताना विषयही पायांनी शिकण्याचा असावा, म्हणून मी आज पायवाटेविषयी बोलणार आहे. पायवाट कशी करावी, कशी राखावी आणि मुख्यतः ती राखणारी माणसे कशी तयार करावीत, असा माझ्या बोलण्याचा रोख राहील.

मी सह्याद्रीत हिंडणारा माणूस. गेली अनेक वर्षे गडांवरच्या वाटा दुरुस्त करणाऱ्या तरुणांबरोबर काम करीत आलो. तेव्हा विंध्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासमोर वाटांविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. हा भाग एकेकाळी होळकर संस्थानच्या नेमावर जिल्ह्यात मोडत होता. पलीकडे देवास आणि धार येथे पवारांची राज्ये होती. त्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या घरांतूनच आज मराठीत बोलण्याचे हे निमंत्रण आले आहे. शिवाय आपल्या भागातून जाणाऱ्या एका वाटेने महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांना वेड लावले आहे. ती वाट म्हणजे नर्मदा परिक्रमेची वाट.

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. परिक्रमा करणारा नदीला सतत उजव्या हाताला ठेवतो, प्रवाह कोठेही ओलांडत नाही आणि दोन्ही तट मिळून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चालतो. परंपरेने त्यासाठी तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा काळ सांगितला आहे. महेश्वर, मंडलेश्वर, बडवाह मागे टाकून उत्तर तटाने पूर्वेकडे निघालेला परिक्रमावासी देवास जिल्ह्याच्या दक्षिण कडेने नेमावरला येतो. नेमावर हे नर्मदेचे नाभिस्थान. तेथले सिद्धनाथाचे प्राचीन मंदिर आणि समोरच्या तटावरचे हंडिया आपण सर्वांनी पाहिलेले आहे. गो. नी. दांडेकर या वाटेने चालले आणि त्यातून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी मराठीला मिळाली. तेच गोनीदा पुढे आयुष्यभर सह्याद्रीतले गडकोट हिंडत राहिले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

या वाटेला ना बांधणारे खाते होते, ना तिचा नकाशा होता. ती राखली कोणी? काठावरच्या गावांनी. कोणी सदावर्त चालवले, कोणी धर्मशाळेची झाडलोट केली, कोणी नाल्यापर्यंत सोबत येऊन पुढची दिशा दाखवली. आणि वाट प्रत्यक्ष मोकळी ठेवली ती रोज तिच्यावरून शेतात, घाटावर आणि बाजाराला जाणाऱ्या पावलांनी. परिक्रमावासी वर्षातून काही महिने येत. गावकरी बारा महिने चालत. म्हणजे वाट वाटसरूंमुळे नव्हे, तर तिच्या काठी राहणाऱ्यांमुळे टिकली. आज मला जे काही सांगायचे आहे त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आता ही व्यवस्था मोडली आहे, आणि ती कशी मोडली हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? २००४ साली इंदिरासागर धरणाच्या पाण्यासाठी हरसूद गाव उठले. खंडवा, देवास आणि हरदा जिल्ह्यांतील २४९ गावांना त्या जलाशयाची झळ पोहोचली. पाठोपाठ ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयात, २००७ नंतर, बाणलिंगांसाठी प्रसिद्ध असलेला धाराजी आणि धावडीकुंडाचा परिसर पाण्याखाली गेला. घरे आणि शेते गेली, त्यांची मोजदाद कमीअधिक झाली. पायवाटांची मोजदाद कोणी केली नाही, कारण पायवाट कोणाच्याच नावावर नसते. जुनी काठाची वाट तुटली आणि चालणारी माणसे आतल्या डांबरी रस्त्यांवर आली. रस्त्यावर मालमोटारींच्या शेजारून चालताना नदी दिसत नाही आणि जीवही सुरक्षित नसतो.

धाराजीचे नाव घेतले की ७ एप्रिल २००५ ची रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. भूतडी अमावस्येच्या जत्रेसाठी यात्रेकरू नदीपात्रात उतरलेले होते. वरच्या धरणातून सोडलेले पाणी एकाएकी आले आणि साठच्या आसपास माणसे वाहून गेली. त्या दुःखाला हात लावताना मला संकोच वाटतो. परंतु वाट आखणाऱ्याने त्यातून शिकण्याचा धडा टाळता येत नाही. धरणाखालच्या नदीचे पाणी ऋतूप्रमाणे वाढत नाही. ते दरवाजांप्रमाणे वाढते. आजोबांनी दाखवलेली उताराची जागा नातवासाठी सुरक्षित असेलच असे नाही. म्हणून नवी वाट आखणाऱ्याला पहिला प्रश्न विचारता आला पाहिजे तो असा, की येथे वाट असावी की असूच नये?

हे विचारायला उत्साह पुरत नाही, शिक्षण लागते. आपल्याकडे श्रमदानाची परंपरा मोठी आहे, पण श्रमदानाआधी शिकावे लागते हे आपण विसरतो. सह्याद्रीत मी अनेक वेळा पाहिले आहे. एखाद्या रविवारी साठ-सत्तर तरुण गडावर जमतात, घोषणा होतात, झुडपे तोडतात, चढावर दगड रचून पायऱ्या करतात, छायाचित्रे निघतात. पुढच्या आषाढात पाणी त्या पायऱ्यांच्या कडेने नवा ओघळ पाडते, पायऱ्या उघड्या पडून डुगडुगू लागतात, आणि चालणारी माणसे त्यांना टाळून बाजूच्या गवतातून चढू लागतात. वर्षभरात एका वाटेच्या तीन वाटा होतात आणि डोंगर तीन ठिकाणी धुपू लागतो. तरुणांच्या मनात खोट नव्हती. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

वाट बांधण्याची सारी विद्या पाण्याभोवती फिरते. २००६ साली आपल्या देवास जिल्ह्यात भगीरथ कृषक अभियान उभे राहिले आणि शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात हजारो तलाव खोदले. त्यांना 'रेवासागर' असे नाव मिळाले. तलाव करणारा पाणी अडवतो, तर वाट करणारा ते वाटेवर थांबू देत नाही आणि वाटेने धावूही देत नाही. दोघांनाही जमिनीचा उतार वाचता यावा लागतो. म्हणून ज्या जिल्ह्याने तलाव केले, त्याला वाटा करणे अवघड जाऊ नये असे मला वाटते.

थोडे तपशिलात जातो. विद्यार्थ्यांनी हे लिहून घेतले तरी चालेल. डोंगराच्या अंगावरून वाट नेताना ती सरळ माथ्याकडे नेऊ नये. सरळ वर जाणारी वाट म्हणजे पाण्यासाठी खोदलेला पाट होय. वाट आडवी, अंगाअंगाने न्यावी. डोंगराचा उतार जितका असेल, त्याच्या निम्म्याहून अधिक चढ वाटेला देऊ नये, आणि एकंदर चढ शंभर फुटांना दहा फुटांच्या आत ठेवावा. वाटेची बैठक डोंगरात पूर्ण कापून काढावी. निम्मी कापलेली आणि निम्मी भरावाची बैठक पहिल्या पावसात खचते. बैठक दरीच्या बाजूला किंचित कलती असावी. तीन फूट रुंदीला दोन इंचांचा कल पुरे होतो; चालणाऱ्याला तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. शिवाय चढत्या वाटेला ठरावीक अंतरावर थोडा उलटा उतार द्यावा. त्या सखल जागी वाटेवरचे पाणी बाहेर पडते आणि पुढे धावत नाही. जुन्या वाटेला असा उतार देता येत नसेल, तर मोठ्या दगडांची तिरपी ओळ जमिनीत पक्की गाडून पाणी बाजूला वळवावे. मात्र तिच्यामागे साचलेला गाळ दरवर्षी काढावा लागतो. गाळ काढला नाही तर पाणी ओळीवरून उडी मारते आणि पूर्वीपेक्षा अधिक खोल खड्डा करते.

काठाजवळच्या सपाटीवर अडचण निराळी असते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर नुसता मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यांत तो मातीत गडप होतो. तेथे वाट थोडी उंच करून दोन्ही बाजूंना चर द्यावे लागतात, किंवा मुळातच ती बांधाच्या बाजूच्या कठीण जमिनीवरून न्यावी लागते. जेथे चिखल होतो तेथे माणूस कडेने चालतो, आणि कडेला उभे पीक असते. वाटसरू आणि शेतकरी यांची भांडणे पुष्कळदा येथून सुरू होतात.

यासाठी महाग उपकरणे लागत नाहीत. दोन सारख्या लांबीचे बांबू वर एकत्र बांधून मध्ये आडवी पट्टी ठोकली आणि वरून दगडाचा ओळंबा सोडला, की उतार पाहण्याची चौकट तयार होते. पाणलोटाच्या कामात ती शेतकऱ्यांनी कित्येक वर्षे वापरली आहे. तिच्या जोडीला पहार, कुदळ, फावडे, घमेले आणि कोयता असला म्हणजे झाले. सातवी-आठवीतला विद्यार्थी ती चौकट अर्ध्या तासात वापरायला शिकतो, आणि भूमितीचा काटकोन पहिल्यांदा त्याच्या कामी येतो.

आता माणसे तयार करण्याविषयी. मी दोन उदाहरणे देतो, एक दूरचे आणि एक जवळचे.

अमेरिकेत बेंटन मॅकाय नावाच्या गृहस्थांनी १९२१ साली एका लेखातून ॲपलाचियन पर्वतरांगेवरून लांब पायवाट करावी अशी कल्पना मांडली. १९३७ साली ती वाट सलग झाली. आज ती चौदा राज्यांतून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर जाते. १९६८ साली तेथील सरकारने तिला कायद्याचे संरक्षण दिले, परंतु तिची रोजची देखभाल आजही प्रामुख्याने तीसच्या आसपास स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक करतात. वाटेचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याची जबाबदारी ठरलेली असते. झाड पडले, चर बुजला, खूण पुसली, तर कोणाला हाक मारायची हे माहीत असते. 'सर्वांची वाट' असे म्हटले की ती कोणाचीच राहत नाही. अमुक ओढ्यापासून तमुक वडापर्यंतची वाट अमक्याची, असे म्हटले की ती राहते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले. २०१६ साली पाणी फाउंडेशनने तीन तालुक्यांतील ११६ गावांमध्ये पाणलोट कामाची स्पर्धा घेतली. तिचे वैशिष्ट्य असे, की गावाने कुदळ उचलण्याआधी आपली पाच माणसे प्रशिक्षणाला पाठवायची होती. ती माणसे निवासी वर्गात शिकली, उतार मोजायला शिकली, आणि परतल्यावर त्यांनी गावाला शिकवले. बाहेरचा अभियंता येऊन काम करून गेला असता तर त्याच्याबरोबर ज्ञानही गेले असते. पाच शिकलेली माणसे गावातच राहिली.

ही दोन्ही उदाहरणे एकत्र केली तर आपल्याला हवी ती रीत सापडते. प्रत्येक गावाची चार-पाच माणसे नीट शिकवावीत आणि प्रत्येकाकडे वाटेचा ठरावीक तुकडा द्यावा. पहिल्या दिवशी त्यांना कुदळ देऊ नये. मोडलेल्या वाटेवरून नुसते चालवावे, आणि ती का मोडली याचे उत्तर त्यांच्याकडून काढावे. दुसऱ्या दिवशी चौकट आणि खुंट्या घेऊन नवी रेघ आखावी. तिसऱ्या दिवशी पन्नास फूट वाट खरोखर करावी. आणि जोराच्या पावसात पुन्हा एकदा त्या वाटेवर जावे. पाऊस हा या शाळेचा परीक्षक आहे, आणि तो कोणालाही उगाच पास करीत नाही.

कायद्याचे ज्ञान हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. कन्नौद-खातेगावच्या वरच्या अंगाला खिवनी अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या किंवा राखीव जंगलाच्या जमिनीत परवानगीवाचून कुदळ मारता येत नाही, आणि मारूही नये. महाराष्ट्रातल्या संरक्षित गडांवर १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याने तसेच बंधन आहे. वनरक्षकाला, ज्याला आपण नाकेदार म्हणतो, पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे. कोणती जागा जनावरांच्या पाणवठ्याची आहे आणि तेथून माणसांची वाट का नेऊ नये, हे त्याच्याइतके दुसऱ्याला सांगता येणार नाही. खासगी शेताच्या बांधावरून वाट जात असेल तर शेतकऱ्याची संमती आधी घ्यावी, आणि त्याने नाही म्हटले तर वळसा घ्यावा.

आता सर्वांत अवघड प्रश्न. शहरातल्या माणसाने सुट्टीत चालावे म्हणून कोरकू, गोंड किंवा भिलाला मजुराने फुकट राबावे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे. राबू नये. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याच्याकडे श्रमदान मागणे हे दान नव्हे, ती वेठ आहे. बैठक कापणे, दगड वाहणे, चर खोदणे ही जड कामे मजुरी देऊनच करून घेतली पाहिजेत. स्वयंसेवकाचे काम निराळे आहे. वाटेवर लक्ष ठेवणे, गाळ काढणे, गवत कापणे, खुणा रंगवणे, आणि पाण्याच्या पातळीची सूचना आली तर वाट बंद करणे, ही कामे थोड्या वेळाची पण नित्याची आहेत. ती शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार आणि निवृत्त माणसे करू शकतात. आणि रेघ आखताना जंगलात राहणाऱ्या माणसाचा सल्ला घेतला तर त्या सल्ल्याचेही मोल द्यावे. ज्ञान फुकट घेणे ही आपली जुनी सवय आहे. ती मोडण्याची ही चांगली संधी आहे.

काम केव्हा करावे, याचे वेळापत्रक ऋतूच ठरवतो. सप्टेंबरअखेर सोयाबीनची कापणी येते, लगेच हरभरा आणि गव्हाची पेरणी लागते. त्या दिवसांत शेतकऱ्याला वाटेवर बोलावणारा माणूस शहाणा नव्हे. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो आणि परिक्रमेचे चालणे सुरू होते. त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी गवत कापावे आणि खुणा ताज्या कराव्यात. पेरणी उरकली की मार्गशीर्षात मोठ्यांनी बाकीची डागडुजी करावी. गहू निघाल्यावर, वैशाख-ज्येष्ठात, चर मोकळे करावेत. आणि श्रावणात एकदा छत्री घेऊन, कुदळ न घेता, नुसते पाणी पाहायला जावे. असा चार वेळांचा नेम झाला तर मला वाटते वाट राहील.

कोणी म्हणेल, एवढे करून काय मिळणार? धरणाने गेलेले घाट परत येणार नाहीत, हे खरे आहे. परंतु नदीच्या शेजारून पायी जाण्याचा हक्क हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना विरंगुळा आहे. त्याला तिकीट लागत नाही, वाहन लागत नाही. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, शाळकरी मुले, सर्वांना तो घेता येतो. वाट मोडली की सर्वांत आधी हीच माणसे घरी बसतात. धडधाकट माणूस कोठूनही चढून जातो. म्हणून वाट राखणे हे काही थोड्या हौशी लोकांचे काम नाही, ते न्यायाचे काम आहे.

या शाळेला माझी एकच विनंती आहे. सबंध परिक्रमामार्गाचा विचार करू नका. आपल्या परिसरातला एकच किलोमीटर निवडा. त्याची आखणी, परवानगी, पाण्याची दिशा आणि दुरुस्तीची तारीख यांची एक वही शाळेत ठेवा. दरवर्षी नववीच्या वर्गाने ती वही आठवीच्या हाती सोपवावी. पाच वर्षांनी त्या वहीत जे लिहिलेले असेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, आणि ते लिहिणाऱ्या मुलांना आपल्या गावाचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे ठाऊक असेल. शेजारच्या गावाने ती वही मागितली तर ती जरूर द्या. तिच्याबरोबर दोन विद्यार्थीही पाठवा.

  नर्मदे हर!